शंभर रुपयांच्या दंडाला कडक कायदा म्हणू नका

कुत्र्यांच्या प्रजननावर सरकारने कडक नियम लादले आणि त्यामुळे कुत्र्यांचे हाल कमी होण्याऐवजी वाढले, असं हल्ली उघडपणे मांडलं जातं. डॉग शोच्या मांडवात, ब्रीडर मंडळींच्या बैठकांत आणि जातिवंत कुत्र्यांवर मनापासून माया करणाऱ्या जाणत्या लोकांच्या तोंडीही हे ऐकायला मिळतं. मांडणी साधारण अशी असते. नियम जाचक झाले की कागदपत्रं सांभाळणारा, औषधपाण्यावर चार पैसे जास्त घालवणारा प्रामाणिक ब्रीडर कंटाळून बाजूला होतो. ज्याला कायद्याची भीतीच नाही, तो मागच्या दाराने पिल्लं विकत राहतो. आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांची संख्या काही त्यामुळे घटत नाही, कारण ती कुत्री केनेलमध्ये जन्मलेली नसतात. मग हा सगळा खटाटोप कशासाठी?

यातला शेवटचा मुद्दा बराचसा खरा आहे, आणि तो मी पुढे मान्यही करणार आहे. पण ज्या पायावर ही मांडणी उभी आहे, तो पायाच कच्चा आहे. भारतात कुत्र्यांच्या प्रजननावर कडक कायदा अजून एकदाही लागू झालेला नाही. नियम आहेत, ते विचारपूर्वक लिहिलेले आहेत, पण त्यांच्या मागे ना शिक्षेचा धाक आहे, ना तपासणी करणारी माणसं. जी गोष्ट आपण करूनच पाहिली नाही, ती फसली असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

आधी नियम काय आहेत ते पाहू, कारण त्यांना नावं ठेवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते वाचलेले असतात. ऑगस्ट २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २६१व्या अहवालात पेट शॉप आणि कुत्र्यांचं प्रजनन या दोन्हींवर नियमन हवं, अशी शिफारस केली. त्यानंतर मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम अधिसूचित केले. ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. मादी दीड वर्षाची होईपर्यंत तिला फळवायचं नाही. वर्षात एकच वेत, तेही लागोपाठच्या दोन माजांवर नाही. उभ्या आयुष्यात पाचांहून जास्त वेतं नाहीत आणि आठ वर्षांनंतर एकही नाही. बाप-लेक, भाऊ-बहीण असे जवळच्या रक्ताचे जोड लावायचे नाहीत. कान कापायचे नाहीत, शेपूट छाटायचं नाही. पिल्लू आठ आठवड्यांचं होण्याआधी विकायचं नाही. सहा महिन्यांवरचं कुत्रं नसबंदी केल्याशिवाय विकायचं नाही, फक्त दुसऱ्या नोंदणीकृत ब्रीडरला देताना ती सूट. मायक्रोचिप, लसीकरण, लेखी नोंदी.

यातली कोणती अट जाचक आहे? जो ब्रीडर स्वतःला प्रामाणिक म्हणवतो, तो यातलं बहुतेक सगळं कायदा नसतानाही करत असला पाहिजे. दीड वर्षाच्या आतली मादी म्हणजे अजून वाढीला लागलेलं जनावर, तिला गाभण राहू देणं चुकीचं आहे हे सांगायला सरकार लागू नये. दर माजावर वेत घेतलं तर मादी खंगते, हे गाई-म्हशी सांभाळणारा कोणताही शेतकरी सांगेल. मग विरोध नेमका कशाला आहे? मला वाटतं तो वेतांच्या मोजणीला आहे. मोजणी आली की हिशेब उघड होतो, आणि या धंद्यातला खरा नफा त्या न मोजलेल्या वेतांत आहे.

आठ आठवड्यांच्या अटीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बाजारात सर्रास मोडली जाते ती हीच. फोनवर येणाऱ्या जाहिराती पाहा. '३५ दिवसांची पिल्लं तयार', 'पेपरसकट एक भाव, बिनपेपर दुसरा', 'कुठेही पोहोचवू'. पोहोचवायचं म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडायची आणि ते खोकं खासगी बसमध्ये सामानाबरोबर ठेवून द्यायचं. ही घाई विक्रेत्याच्या सोयीची आहे. महिनाभर पिल्लू आईच्या दुधावर असतं, खर्च जवळजवळ नसतो. पाचव्या आठवड्यापासून खाणं, जंताचं औषध, लसी, साफसफाई हे सगळं सुरू होतं. शिवाय पाच आठवड्यांचं पिल्लू गुबगुबीत दिसतं, चटकन खपतं. पण त्याच सुमारास आईच्या चिकातून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती ओसरायला लागते आणि लसीचं संरक्षण अजून उभं राहिलेलं नसतं. नेमक्या त्या फटीत पिल्लू दहा ठिकाणी हाताळलं जातं, बसमधून प्रवास करतं, नव्या घरी येतं. पार्व्होचा विषाणू अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला काही दिवस जातात. त्यामुळे दुकानात उड्या मारणारं पिल्लू घरी आल्यावर आठवड्याभरात उलट्या आणि रक्ताची हगवण करू लागतं. विक्रेता हात झटकून मोकळा होतो, 'आमच्याकडे होतं तेव्हा ठणठणीत होतं' म्हणतो, आणि त्याचं म्हणणं खोटं आहे हे घरच्यांना सिद्ध करता येत नाही.

दुसरं नुकसान उशिरा दिसतं. भावंडांशी खेळताना जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ थांबतो, आई गुरकावून दाबते. किती चावायचं, कुठे थांबायचं हे पिल्लू या आठवड्यांत शिकतं. ते न शिकता माणसांच्या घरात आलेलं कुत्रं पुढे दाताळ, भेदरट किंवा दोन्ही होण्याचा धोका मोठा. मग तेच घर दोन वर्षांनी 'हा चावतो, याला कुणीतरी घ्या' म्हणून फोन फिरवत बसतं. कुत्र्यांच्या चावण्यावर एवढी चर्चा करणाऱ्या आपल्या समाजाने आठ आठवड्यांची ही अट डोळ्यांत तेल घालून राबवायला हवी होती.

ती राबवली का जात नाही, याचं उत्तर १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात आहे. २०१७ चे नियम याच कायद्याच्या कलम ३८ खाली केलेले आहेत, आणि त्या कलमानुसार नियम मोडणाऱ्याला शिक्षा आहे जास्तीत जास्त शंभर रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. याच कायद्याच्या कलम ११ खाली प्राण्याला क्रूरपणे वागवल्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. हे आकडे कित्येक दशकांपूर्वी ठरले, ते आजही तसेच आहेत. लॅब्राडॉरचं एक वेत म्हणजे सहा-आठ पिल्लं. एकेक पिल्लू हजारोंच्या भावाने जातं. एक जादा वेत काढण्यात किती पैसे सुटतात आणि पकडलं गेल्यास किती जातात, हे कुणीही बोटांवर मोजावं. कैदेची तरतूद आहे हे खरं, पण न्यायाधीशाला नुसता दंड करून सोडण्याची मुभा असताना कुत्र्याच्या वेतांवरून कुणाला तुरुंगात धाडलं जाईल, असं कोणताही ब्रीडर मानत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने या कायद्यातल्या शिक्षा वाढवणाऱ्या दुरुस्तीचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता. त्याचा कायदा झालेला नाही.

ज्याला दंड शंभर रुपये आहे, त्या नियमामुळे प्रामाणिक माणसं देशोधडीला लागली, असं म्हणणं सत्याला धरून नाही.

या नियमांची गरज कुणासाठी आहे, ते सांगायचं तर एका मादीबद्दल लिहायला हवं. प्राण्यांच्या एका निवाऱ्यात मी तिला जवळून पाहिलं. लॅब्राडॉर, फिकट पिवळी. कुणीतरी रात्री फाटकाला बांधून गेलं होतं. दात पाहून डॉक्टरांनी वय सहाच्या आसपास असावं म्हटलं, पण चालणं म्हाताऱ्या जनावराचं होतं. समोरचे दात हिरड्यांपर्यंत झिजलेले, कारण पिंजऱ्याची जाळी चावण्यापलीकडे तिला वर्षानुवर्षं काही करायला नव्हतं. सड पोटाखाली लोंबत होते. पंजांच्या बोटांमधली कातडी मुतात उभं राहून राहून लाल झालेली, नखं वळून आत गेलेली. गर्भाशयात पू झाला होता, म्हणूनच तिला सोडून दिलं असणार. आता तिच्यापासून पिल्लू मिळणार नव्हतं आणि उपचाराला पैसे लागणार होते. शस्त्रक्रिया होऊन ती वाचली. अंगणात सोडलं तर गवतावर पाय ठेवायला घाबरायची, फरशीच्या कडेला उभी राहायची. पण खोलीत एखादं पोतं किंवा जुना टॉवेल दिसला, की तोंडात धरून ओढत कोपऱ्यात न्यायची आणि पंजांनी उकरून त्याचं अंथरूण करायची. व्यायच्या आधी कुत्री करते तसं. गर्भाशय काढून टाकल्यानंतरही कितीतरी दिवस ती हे करत होती.

तिच्या अंगात मायक्रोचिप नव्हती. ती कुणाची, तिने किती वेतं दिली, तिची पिल्लं कुणाच्या घरात 'चांगल्या केनेलमधून आणलीत' म्हणून कौतुकाने वाढताहेत, हे कधीच कळणार नाही. तिला तसं बनवणाऱ्याला शोधण्याचा एकही मार्ग उपलब्ध नव्हता. 'नियम जाचक आहेत' असं म्हणणाऱ्यांनी एकदा असल्या मादीसमोर बसून ते वाक्य म्हणून पाहावं, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आता चोरवाटेचा मुद्दा. कायदा कडक झाला की धंदा भूमिगत होतो, हे म्हणणं दारूबंदीपासून सगळीकडे केलं जातं. पण कुत्र्याच्या पिल्लाचा धंदा पूर्ण लपवता येत नाही. पिल्लू विकायचं तर जाहिरात करावी लागते, आणि आज ती जाहिरात इन्स्टाग्रामवर, व्हॉट्सॲपच्या गटांवर, खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळांवर फोन नंबरासकट लावलेली असते. जो आपला नंबर जगजाहीर करतो, तो कसला भूमिगत? त्याला शोधायला गुप्तहेर लागत नाहीत. कुणी शोधायचं हे ठरलेलं असलं आणि शोधल्यावर काही होणार असलं, तरी पुरे. आज प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असावी असा नियम आहे. तिच्याकडे गाडी, माणूस, पशुवैद्य आणि अधिकार किती असतात, हे आपल्या जिल्ह्यात चौकशी करून कुणीही ताडून पाहावं.

ब्रिटनचं उदाहरण इथे दोन्ही बाजूंनी दिलं जातं, म्हणून ते नीट पाहायला हवं. वेल्समधल्या एका पपी फार्ममधून २०१३ मध्ये सुटका झालेली लूसी नावाची कॅव्हेलियर जातीची मादी २०१६ मध्ये गेली. तिच्या नावाने चळवळ झाली आणि एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये सहा महिन्यांखालची पिल्लं दुकानदाराने किंवा दलालाने विकण्यावर बंदी आली. पिल्लू घ्यायचं तर जिथे ते जन्मलं तिथे जाऊन, आईसोबत पाहूनच. हा कायदाही लोकांनी चुकवला. नेमक्या त्याच वर्षी टाळेबंदीत पिल्लांना प्रचंड मागणी आली, भाव चढले, खोटी आई दाखवण्याचे प्रकार झाले, बाहेरच्या देशांतून पिल्लं चोरून आली. हे सगळं मान्य. पण म्हणून कुणी तिथे दुकानांतून पिल्लं पुन्हा विकू द्या म्हणत नाही. पळवाटा बुजवायचं काम चालू आहे. आईला पाहिल्याशिवाय पिल्लू घ्यायचं नाही, ही सवय त्या कायद्याने खरेदीदारांना लावायला घेतली, आणि तेच त्याचं मोठं काम आहे. आपल्याकडे शंभरातल्या किती खरेदीदारांनी पिल्लाची आई पाहिलेली असते?

ब्रीडर मंडळींचा एक राग मात्र मला पटतो. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर, मास्टिफ वगैरे वीसहून अधिक जातींची आयात, विक्री आणि प्रजनन बंद करायला सांगितलं, आणि ज्यांच्या घरी ही कुत्री आहेत त्यांनी त्यांची नसबंदी करावी असंही म्हटलं. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना ऐकूनच घेतलं नव्हतं, हे त्याचं एक कारण. निर्णय योग्य होता. जातीच्या नावावर बंदी ही कडकपणाची सर्वांत आळशी तऱ्हा आहे. ब्रिटनने १९९१ मध्ये चार जातींवर बंदी घातली, आणि तीस वर्षांनी, २०२३ च्या अखेरीला, त्याच यादीत एक्सएल बुली हे नवं नाव घालावं लागलं, कारण यादीबाहेरचे जोड लावून तसाच दांडगा कुत्रा पुन्हा तयार करणं कुणालाही जमतं.

लखनौमध्ये २०२२ साली घरच्या पिटबुलने एका वृद्ध स्त्रीचा जीव घेतला. गोव्यात हणजुण्याला २०२४ मध्ये अशाच कुत्र्याच्या हल्ल्यात सात वर्षांचा मुलगा गेला. या मृत्यूंचं दुःख आणि राग खरा आहे आणि तो कुणीही हलका लेखू नये. पण असं कुत्रं विकताना कोण घेतोय, त्याच्याकडे जागा किती, त्याने यापूर्वी मोठं कुत्रं हाताळलंय का, हे कुणी विचारलं होतं का? चिप होती का, नोंद होती का, आईबाप कसे होते? या प्रश्नांना उत्तर देणारे नियम २०१७ पासून पडून आहेत, आणि ते राबवण्याऐवजी यादी काढली गेली. ब्रीडरांनी त्या यादीला विरोध केला तो बरोबरच केला. त्याच दमात त्यांनी २०१७ च्या नियमांनाही झटकून टाकलं, ते चूक.

कडकपणा असावा तो कुत्र्याच्या देहाच्या बाबतीत. २००३ च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे धावणारा पग देशभर लाडका झाला आणि घरोघरी पग आले. चपट्या नाकाच्या या कुत्र्याला श्वास घेणं हेच कष्टाचं काम असतं. कुत्रा घामाने अंग थंड करत नाही, धापा टाकून करतो. ज्याची श्वासनळी अरुंद, नाकपुड्या चिरेएवढ्या आणि टाळू लांबलेली, त्याने विदर्भाच्या मे महिन्यात धापा टाकायच्या तरी कशा? झोपेत घोरतो म्हणून आपण कौतुकाने व्हिडिओ काढतो, तो खरंतर हवेसाठी धडपडत असतो. नेदरलँड्सने २०१९ पासून कसोटीच लावली आहे: नाकाड कवटीच्या लांबीच्या एक-तृतीयांशापेक्षा आखूड असेल, तर त्या कुत्र्याचं प्रजनन करता येत नाही. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅव्हेलियर जातीचं प्रजनन प्राणी कल्याण कायद्यात बसत नाही, असा निकाल दिला, कारण कवटी मेंदूला पुरत नाही आणि हृदयाचे आजार पिढ्यान्‌पिढ्या उतरतात. हे कायदे कडक आहेत. त्यांचं मोजमाप जनावराच्या त्रासावर ठरतं, म्हणून त्यांना कडक म्हणताना मला संकोच वाटत नाही. नागपुरात सायबेरियन हस्की पाळणं हौसेचं आहे, पण ती हौस कुत्रा भोगतो.

देशी जातींचा मुद्दा वेगळा आहे आणि तो गंभीर आहे. सांगली-सोलापूरपासून लातूरकडच्या गावांपर्यंत कारवान आणि पश्मी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली. सीमेपलीकडे कर्नाटकात मुधोळला तिथल्या संस्थानिकांनी अशाच कुत्र्यांना नाव मिळवून दिलं. ही कुत्री टिकली ती शेतकऱ्यांच्या आणि मेंढपाळांच्या दारात. अशा माणसाला वर्ष-दोन वर्षांत एखादं वेत झालं, त्यातली चार पिल्लं त्याने ओळखीत दिली, तर त्याच्याकडून शहरातल्या केनेलइतकंच, म्हणजे पाच हजार रुपये, नोंदणीशुल्क मागणं अन्यायाचं आहे. त्याला ते परवडणार नाही आणि तो नोंदणी करणारच नाही. इथे नियमात बदल हवा: एका मादीवाल्याला, देशी जात राखणाऱ्याला फुकट नोंदणी द्या, गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातच ती करून द्या, चिप सरकारने बसवावी. वेतांची मर्यादा मात्र त्यालाही तीच. या गरीब पालकाला पुढे करून शहरातल्या मोठ्या केनेलवाल्यांनी स्वतःसाठी सवलत मागू नये.

एक वर्ग असा आहे, ज्याला आपण ब्रीडर आहोत हे कळतच नाही. सोसायटीतल्या सुशिक्षित घरात लॅब्राडॉर किंवा शिट्झू मादी असते. 'तिला एकदा तरी आई होऊ द्यावं' म्हणून ओळखीच्या नराशी जोड लावतात, नरवाल्याला एक पिल्लू निवडून देतात, बाकीची विकतात. भावना चांगली असते. पण एकदा व्याल्याने मादीची प्रकृती सुधारते, याला पशुवैद्यकात आधार नाही. उलट पहिल्या माजाआधी नसबंदी झालेल्या मादीला स्तनाच्या गाठींचा धोका खूप कमी राहतो, आणि गर्भाशयात पू होण्याचा प्रश्नच उरत नाही. त्या पिल्लांपैकी किती जणांची घरं टिकली, याचा पाठपुरावा दोन वर्षांनी कुणी करतं का? करत असतील त्यांना नमस्कार. बहुतेकांना पहिल्या वाढदिवसाचा फोटो येतो आणि मग काहीच कळत नाही.

आता रस्त्यावरची कुत्री. सुरुवातीला मान्य करेन म्हटलं होतं ते इथे करतो. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली, त्यांतली पावणेतेरा लाख महाराष्ट्रात. यातली फारच थोडी केनेलमधून आली. उद्या प्रत्येक ब्रीडर नियमाने वागू लागला तरी हा आकडा लगेच हलणार नाही. तो हलवायचा मार्ग नसबंदी आणि लसीकरण, तेही एका भागातल्या बहुसंख्य कुत्र्यांचं, थोड्या काळात आणि सातत्याने. मारून तो हलत नाही, हे मुंबईला इतर कुणाहीपेक्षा आधी कळायला हवं होतं. १८३२ मध्ये इंग्रज सरकारने कुत्री मारायला काढली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. त्यानंतरही विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत कुत्री मारली जात होती आणि रस्ते कधीच रिकामे झाले नाहीत. नसबंदीचा मार्ग धरल्यावर २०१४ च्या गणनेत मुंबईत सुमारे ९५ हजार कुत्री होती, दहा वर्षांनंतरच्या पाहणीत सुमारे ९१ हजार. घट थोडी आहे, पण शहर वाढत असताना, कचरा वाढत असताना झालेली आहे. गोव्यात २०१४ पासून लसीकरणाची मोहीम गावोगाव नेली, आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, तेव्हा आधीच्या तीन वर्षांत तिथे एकाही माणसाचा रेबीजने मृत्यू झालेला नव्हता.

म्हणजे ही दोन कामं वेगळी आहेत. ब्रीडर मंडळी म्हणतात की वेगळी आहेत म्हणून आमच्यामागे लागू नका. मी म्हणतो की वेगळी आहेत म्हणून दोन्ही करा. शिवाय ती पूर्ण तुटलेलीही नाहीत. कोणत्याही निवाऱ्यात जाऊन पाहा. गावठी कुत्र्यांच्या शेजारी तुम्हाला आंधळी झालेली पग, केस झडलेला जर्मन शेफर्ड, नितंबाचा सांधा निखळलेला लॅब्राडॉर भेटतील. हे निवारे लोकवर्गणीवर चालतात. त्यांच्या पिंजऱ्यात एकेक सोडून दिलेलं जातिवंत कुत्रं वर्षानुवर्षं बसतं, तेव्हा रस्त्यावरच्या जखमी कुत्र्यासाठी आणि नसबंदीनंतर विश्रांतीला ठेवायच्या माद्यांसाठी तेवढी जागा कमी होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवायला सांगितलं आणि अकरा दिवसांत तो आदेश बदलून नसबंदी-लसीकरण करून सोडण्याचा मार्ग पुन्हा धरावा लागला. एवढे निवारे देशात नाहीतच. ज्या देशात निवाऱ्याची एकेक जागा इतकी मोलाची, तिथे कुत्रं सोडून देणाऱ्याचं नाव शोधून काढण्याची सोय, म्हणजे चिप आणि नोंद, ही चैन म्हणता येणार नाही.

'दत्तक घ्या, विकत घेऊ नका' म्हणणाऱ्या माझ्याच बाजूच्या मित्रांनाही एक सांगायचं आहे. प्रजनन सरसकट बंद करा ही मागणी ऐकायला निर्मळ वाटते, पण तिने कोणतीही मादी वाचत नाही. घ्यायचं त्याला जातिवंत कुत्रं हवंच असतं; पोलिसांना, लष्कराला, अंध व्यक्तींना विशिष्ट गुणांची कुत्री लागतात. त्यापेक्षा आहे तो नियम राबवून घेण्यासाठी भांडू. कलम ३८ मधला दंड पिल्लाच्या किमतीशी जुळेल असा करा. नोंदणी क्रमांकाशिवाय पिल्लाची जाहिरात छापणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाला जबाबदार धरा. प्रत्येक जिल्ह्यात वर्षातून एकदा तरी केनेलची अचानक तपासणी करा आणि कुणाची नोंदणी आहे, कुणाची रद्द झाली, ती यादी लोकांना दिसू द्या. हे केल्यावर पाच वर्षांनी जर कुणी दाखवून दिलं की माद्यांचे हाल वाढले, तर तेव्हा बोलू.

तोवर तुमच्या हातात जे आहे ते करा. पिल्लू घ्यायचं ठरवलं असेल तर ब्रीडरचा नोंदणी क्रमांक मागा, पिल्लाची आई पाहायला मागा, ती राहते ती जागा पाहा, तिचं वय आणि हे तिचं कितवं वेत ते विचारा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू कितीही गोड दिसलं तरी घेऊ नका. आई दाखवायला टाळाटाळ झाली तर रिकाम्या हाताने परत या, आणि येताना ती जाहिरात, तो फोन नंबर जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला आणि राज्य प्राणी कल्याण मंडळाला लेखी कळवा.